मखमली खोळीतली डिस्क

३ मे, शुक्रवार

आज पुन्हा त्या डिस्कवरून वाजलं.

धाकटी म्हणाली, "वहिनी, ती डिस्क नुसती पडून आहे. एका आठवड्याला ही आणि एका आठवड्याला ती, अशा आलटून पालटून वापरल्या तर एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहील." बोलता बोलता तिने हातही पुढे केला. जणू मी तिच्याच पर्समधलं काही दाबून ठेवलं होतं.

"तुला हवी तर आणखी एक विकत आण," मी म्हटलं. "या डिस्कला हात लागणार नाही."

"हात लावायचा नाही, तर ठेवायची कशाला? मिरवायला?"

"हो, मिरवायला."

ती निघून गेली. जाताना दार आपटलं नाही, हळू लावलं. तिचं ते हळू लावणंच मला जास्त लागतं. जावा जावा, उभा दावा म्हणतात. आमचा दावा उभाही नसतो. तो रोज खुर्ची ओढून शेजारी बसलेला असतो.

घरामागच्या लांब खोलीत आमचं भरतकामाचं मशीन आहे. शाळांची, कंपन्यांची बोधचिन्हं आम्ही कापडावर भरून देतो. नक्षी कॉम्प्युटरवर तयार होते आणि मशीन ती टाका टाका करत उतरवतं. नक्षी ह्यांची. मशीन धाकटीकडे. धागे कातरणं, इस्त्री आणि नग तपासणं माझ्याकडे. दीर बाहेर नोकरीला आहेत, त्यामुळे घरात सगळ्यांत सुखी तेच.

ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं.

हे दर शनिवारी काम संपलं की या सुट्या डिस्कवर कॉम्प्युटरची इमेज घेत. मला समजावताना एकदा म्हणाले होते, "फायली उचलून दुसरीकडे ठेवणं म्हणजे घरातली भांडी शेजारी नेऊन ठेवणं. इमेज म्हणजे अख्खं घर, भिंतींसकट, कोपऱ्यातल्या जळमटांसकट, त्या क्षणी जसं असेल तसं. उद्या घर पडलं तरी त्यातून तेच घर उभं राहतं." आमच्या कॉम्प्युटरला याची गरज जास्तच. नक्षीचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं ती केव्हाच बुडाली, ते नव्याने बसवता येत नाही. "डिस्क म्हणजे दूध," हे म्हणत. "कधी नासेल नेम नाही."

शेवटची इमेज त्यांनी एका शनिवारी घेतली. सोमवारी दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. ती डिस्क मी कुणाला पुसू दिली नाही. तिच्यासाठी निळ्या मखमलीची खोळ शिवली, तोंडाला नाडी घातली. त्या खोळीत त्यांचा शेवटचा शनिवार आहे. धाकटीने मग स्वतःची डिस्क आणली, ती पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. माणसाची पारख अशाच गोष्टींत होते.


४ मे, शनिवार

लिहायचं टाळत होते, पण ही वही माझी आहे.

धाकटी ह्यांच्या नक्षी बदलते. मी आज मागे उभी राहून पाहिलं. फाइलचं नाव ह्यांनी दिलेलं आणि आत हिची ढवळाढवळ. काम झालं की 'सेव्ह' करून मोकळी.

हे असतानाही हिची खुडबुड चालायचीच. हे चहाला उठले की ही त्यांच्या खुर्चीत बसायची. मशीन सुरू करायला पाऊण पाऊण तास लावायची. "काय करतेस गं?" विचारलं की, "काही नाही वहिनी, रंगांचा क्रम बघते." हे परत येण्याआधी उठून जायची. तेव्हा निदान जाताना सगळं होतं तसं ठेवायची. आता विचारणारं कुणी नाही.

ते गेल्यावर महिन्याभरात तिने त्यांचा स्क्रीनही 'स्वच्छ' केला. त्यावर कोपऱ्यात त्यांनी एक पिवळी चिठ्ठी ठेवली होती, कॉम्प्युटरमधलीच, कागदाची नव्हे. ती तेव्हाच गेली.


६ मे, सोमवार

गणवेशवाला आला होता. शाळेची बोधचिन्हं त्याला पुढच्या शुक्रवारी हवीत. ढाल, ढालीत उघडं पुस्तक, खाली ब्रीदवाक्य.

"मागच्यासारखंच करा, बाई," तो म्हणाला. "कापड आरशासारखं सपाट. हल्ली माझ्याकडे दुसरे लोकही नमुने घेऊन येतात. मी त्यांना चहा पाजतो आणि परत पाठवतो. पण नेहमी पाठवीनच असं नाही."

धाकटी हसली. मी नाही. त्याचं काम गेलं तर ही खोली बंदच करावी लागेल, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

दुपारी धाकटीला माहेरून फोन आला. तिची आई घरात घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन आहे. मी म्हटलं, "जा तू, इथलं मी बघते." ते मनापासून म्हटलं होतं. आईच्या बाबतीत मी वाईट नाही.

ती बॅग भरता भरता मला सूचना देत होती. "शनिवारची इमेज माझ्या डिस्कवर आहे. कॉम्प्युटरने काही खोड काढली तर तीच लावायला सांगा. मखमलवाली नको. वहिनी, ऐकताय ना?"

"मी बहिरी नाही."

"ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मखमलवाली लावलीत ना, तर..."

"तर काय?"

ती बॅगेची चेन लावत राहिली. "काही नाही. जुनी आहे ती."

जुनी आहे. म्हणजे माझ्यासारखी. रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभी होते. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि मीही हात हलवला नाही.


९ मे, गुरुवार

आज सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. आतून कुणी नखाने पेटी खरवडावी तसा आवाज, आणि स्क्रीन काळा.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा ह्यांच्या वेळेपासूनचा आहे, बोलतो थोडं आणि जांभया फार देतो. त्याने पेटी उघडून कान लावला. "डिस्क गेली, काकू. हिच्यातून आता काही निघायचं नाही. इमेज आहे ना?"

"आहे."

नवी डिस्क बसवून त्याने हात पुढे केला. मी दोन्ही आणल्या होत्या. एका हातात पावाची पिशवी, एका हातात मखमल.

"यातली अलीकडची कुठली?"

मी मखमली खोळीची नाडी सोडली.

"ही तर जुनी ना? साहेबांच्या वेळची?" त्याने पिशवीकडे पाहिलं. "नेहमी शेवटची प्रत लावायची असते, काकू."

"शेवटची हीच."

 तो खांदे उडवून म्हणाला, "घर तुमचं, मशीन तुमचं."

मी मनाशी हिशेब मांडला होता. धाकटीने वर्षभर ह्यांच्या कामावर गिरवून ठेवलेलं एका फटक्यात जाईल आणि मूळ परत येईल. गणवेशवाल्याला मागच्यासारखंच हवं होतं. मागचं म्हणजे ह्यांचं. मी काही चोरी करत नव्हते, घरातलं घरात आणत होते.

स्क्रीनवर निळी पट्टी सरकत होती. दुरुस्तीवाल्याने दोनदा चहा घेतला. मग कॉम्प्युटर उघडला.

सगळं होतं. समुद्राचा तो फोटो, ज्यात मी वाऱ्याने डोळे मिटलेत. त्यांच्या फायलींची ती गिचमीड. आणि कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी: दोरा. बॉबिन. हिची गोळी.

सकाळची रक्तदाबाची गोळी मी विसरायचे. ते खोलीतून ओरडून आठवण करायचे. मला वाटायचं त्यांच्या लक्षात राहतं. ते लिहून ठेवत होते.

दुरुस्तीवाला म्हणाला, "आता याची आणखी एक प्रत करून ठेवू. एकीवर भरवसा नको. दुसरी डिस्क देता? यात काही कामाचं आहे का?" त्याचा हात पावाच्या पिशवीवर होता.

"असंच आहे काहीतरी," मी म्हटलं.

त्याने बटण दाबलं. 'या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल' असं काहीसं स्क्रीनवर आलं होतं, मी चष्मा काढून पुसत होते.

रात्री जेवण गेलं नाही. आनंदानेही जात नाही कधी कधी.


१० मे, शुक्रवार

मशीनवर चार तास घालवले. बोधचिन्ह बिघडतंय.

ढाल भरून झाली की कापड चुणतं. पुस्तकाची पानं आत ओढली जातात, काळी बाह्यरेषा आणि आतला भराव यांच्यात फट पडते, तिच्यातून पांढरं कापड डोळे मिचकावतं. दोरा बदलला, सुई बदलली, कापड फ्रेममध्ये डफासारखं ताणून लावलं. पुन्हा तेच. ढाल नाही, सुकलेलं पान.

ही तिचीच करणी. कुठेतरी मशीनच्या आकड्यांत हात घालून गेली आहे. मखमलवाली लावलीत तर, म्हणाली होती ना? ठाऊक होतं तिला.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "तुमची इमेज नीट उतरली नाही. नक्षी खराब आलीय."

त्याने जांभई दिली, ती मला ऐकू आली. "काकू, असं होत नाही. इमेज म्हणजे भाजी नव्हे, की वाढताना थोडी सांडली. ती एक तर पूर्ण येते, नाहीतर येतच नाही. त्या दिवशी जे होतं तेच आलंय."

"त्या दिवशी हे असं नव्हतं."

"मग तुम्हाला ठाऊक," तो म्हणाला आणि फोन ठेवला. हल्ली सगळ्यांनाच फोन ठेवायची घाई असते.


११ मे, शनिवार

संध्याकाळी दीर खोलीत डोकावले. मी त्यांच्यापुढे चुणलेल्या ढालींचा ढीग टाकला.

"हे बघा भाऊजी, तुमच्या बायकोचे प्रताप."

त्यांनी एक उचलून उजेडात धरली. "वहिनी, मला सुईदोऱ्यातलं काही कळत नाही. घरातल्या दोन बायका भांडत असताना गप्प बसावं, एवढंच कळतं. त्यावरच इतकी वर्षं जगलो."

"तिने काहीतरी केलंय."

"केलं असेल." ते ढाल खाली ठेवून दारापर्यंत गेले, तिथे थांबले. "दादा असताना ती रोज मान दुखते म्हणून तेल चोळून घ्यायची. मी म्हणायचो, मशीनवर उभं राहणाऱ्या बाईची मान कशी दुखते? पाय दुखायला हवेत." आणि गेले. हा माणूस सरळ कधी बोलायचाच नाही.


१२ मे, रविवार

ह्यांच्या नमुन्यांची पेटी काढली.

प्रत्येक नवी नक्षी आधी कापडाच्या तुकड्यावर भरून बघतात. ते तुकडे मी फेकत नाही. इस्त्री करून, कोपऱ्यात तारीख घालून पेटीत ठेवते. ह्यांचा हात शेवटपर्यंत कसा होता याचा तो पुरावा आहे. कुणी म्हणालं, की शेवटच्या वर्षात ते जरा विसरायला लागले होते, तर मी पेटी उघडून दाखवत असे.

शाळेची ढाल सापडली. त्यांनीच नव्याने केलेली, जाण्याच्या आदल्या महिन्यातली. सपाट, घट्ट, बोट फिरवलं तर रेशीम. तिच्याशेजारी मी परवाची ठेवली. फाइल तीच. नाव तेच, तारीख तीच.

आमच्या शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर रुमालाची पुढची बाजू बघतच नसत. टेबलावर उलटा टाकत आणि चष्मा लावून मागची बाजू पाहत. मागे गबाळ असलं की कात्री हातात देत आणि म्हणत, सगळं उसव. मी दोन्ही ढाली उलट्या केल्या.

रेशमी भराव घालण्याआधी त्याच्याखाली विरळ टाक्यांची एक जाळी घालायची असते. तिला आम्ही पाया म्हणतो. तो वरून कधीच दिसत नाही, पण कापड धरून ठेवतो तो. पेटीतल्या ढालीला पाया होता. परवाच्या ढालीला नव्हता. उसवून पाहिली. खाली नुसतं कापड.

मशीन पुन्हा सुरू केलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. पहिल्या टाक्यापासून पाहिलं. सुई थेट भरावालाच लागली.

म्हणजे त्या दिवशी फाइलमध्ये पाया नव्हता. आणि त्याच फाइलवरून निघालेल्या कापडात होता.

फाइल आणि कापड यांच्या मध्ये मशीनजवळ एकच माणूस असायचं.

पेटीतला एकूण एक तुकडा आज उलटा करून पाहिला. शेवटच्या वर्षातल्या सगळ्यांना पाया आहे. मग त्यांच्या त्या वर्षीच्या फायली एकेक करून मशीनवर लावल्या. तीन लावल्यावर पुढच्या लावल्या नाहीत.


१४ मे, मंगळवार

धाकटी दुपारी आली. आईचं ऑपरेशन चांगलं झालंय. मी विचारलं, तिने सांगितलं, तेवढ्यावर ते संपलं. मग ती खोलीत गेली, स्क्रीन पाहिला, समुद्राचा फोटो पाहिला.

"मखमल लावलीत."

"हो."

"ठीक आहे. माझी डिस्क द्या. तासाभराचं काम आहे."

मी पावाची पिशवी पुढे केली. तिने डिस्क जोडली. मी दाराजवळ उभी होते, बसायला सुचलं नाही.

"यावर माझं काही नाहीये," ती म्हणाली. "वहिनी, यावर काय आहे?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"ह्यांचं."

ती उठली नाही. ओरडलीही नाही. ओरडली असती तर मला बरं झालं असतं, मीही ओरडले असते.

"वर्षभराचं काम होतं माझं," ती म्हणाली. "एक एक नक्षी उसवून बांधली होती."

"तू मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तुम्ही पेटी घेऊन बसायचात. आल्यागेल्याला दाखवायचात, बघा, शेवटपर्यंत कसा हात होता. मी मध्ये उभी राहून सांगू, की तो हात माझा आहे? मग तुम्ही मला या घरात उभं केलं असतंत?"

"ते होते तेव्हा तरी..."

"ते होते तेव्हा मी सेव्हसुद्धा करत नव्हते. पाया घालायचे, नग काढायचे, आणि फाइल तशीच बंद करायचे. सकाळी दादांनी उघडली की त्यांना आपलं ते आपलंच दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मान मोडून गेली माझी."



"एकदा पाया घालायच्या आधीच मशीन चालू झालं," ती म्हणाली. "ढाल चुणून निघाली. दादा तिथेच होते. हातात घेऊन म्हणाले, हे असं का चुणतं गं? मी म्हटलं, कापड खराब आलंय, दादा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, हं, कापडच. तेव्हापासून ते चहाला गेले की लवकर परत यायचे नाहीत."

मला ते चहाचे कप आठवले. एक संपला की दुसरा मागत. मी म्हणायचे, किती चहा पिता हो, आणि खूश व्हायचे, की माझ्याजवळ बसलेत.

"आता रडू नका," धाकटी म्हणाली. "शुक्रवारी नग द्यायचेत. रडायचं ते शनिवारी रडा."

"मी रडत नाहीये."

"बरं. मग त्या चांगल्या ढाली आणा पेटीतून. उलट्या करून पाया कसा घातला होता ते सांगा मला. माझ्या लक्षात आहे थोडाच सगळा."


१६ मे, गुरुवार

दोन दिवस नुसतं काम. मी पेटीतले तुकडे उसवते, पायाचे टाके कुठून कुठे गेलेत ते बोटाने दाखवते, ती कॉम्प्युटरवर घालते. तारखा घातलेले, इस्त्री केलेले ते तुकडे असे उसवावे लागतील असं कधी वाटलं नव्हतं. पहिल्याला कात्री लावताना हात थांबला, तर म्हणाली, "लावा, लावा. माझेच टाके आहेत."

जीभ कात्रीसारखी आहे हिची. पण आज तिच्या मानेला तेल मी लावलं. तिने मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "मान खाली कर," तर म्हणाली, "जोरात नको, सूड उगवल्यासारखं."


१८ मे, शनिवार

काल नग गेले. गणवेशवाल्याने एक ढाल उन्हात धरून तिरकी केली आणि म्हणाला, "मागच्यासारखीच." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

आज इमेज घ्यायची होती. दोन डिस्क टेबलावर, दोन्हींवर तोच शेवटचा शनिवार. त्यातला एक पुसायचा.

मी तिच्या डिस्ककडे बोट केलं. "हिच्यावर घे. पहिल्यापासून तुझीच आहे."

"नको. ही राहू दे अशीच."

"तूच म्हणत होतीस, पडून राहते म्हणून."

"राहू दे पडून." तिने ती पावाच्या पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली. "दादा काय तुमचे एकट्याचेच होते?"

   मी मखमली खोळीची नाडी सोडली आणि डिस्क तिच्यासमोर ठेवली.

स्क्रीनवर पुन्हा तेच आलं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. धाकटीने माउस माझ्याकडे सरकवला. "तुम्ही दाबा. नंतर माझ्या नावाने बोंब नको."

मी दाबलं.

ती भाकऱ्या थापायला आत गेली, तेव्हा मी एकटी पट्टीसमोर बसून राहिले. खोळ मांडीवर होती. डिस्कवर हात ठेवला तर तापली होती. पट्टी संपल्यावर स्क्रीन पुन्हा दिसला. समुद्राचा फोटो तिने या वेळी काढला नव्हता. पिवळी चिठ्ठीही काढली नव्हती. त्यांच्या चार शब्दांखाली एक ओळ मात्र वाढली होती, तिची.

दोरा. बॉबिन. हिची गोळी.
डिस्कला खोळ घालू नये, तापते.

म्हणजे इमेजमध्ये आता तेही गेलं. चिठ्ठीवर चिठ्ठी लावून मला शिकवते. खोळ मी घडी करून पेटीत ठेवली, उसवलेल्या तुकड्यांवर.

मग आठवण झाली. गोळी घेतली.